बुडालेल्या बटणाची हकीकत

श्रीबुद्धिदात्यास नमन, आणि दार ढकलावें कीं ओढावें हें ज्या कारागिरांनीं दार पाहतांच उमजेल ऐसें केलें, त्या सर्व अनाम कारागिरांस दंडवत. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, पौष मासीं विद्येच्या एका थोर राज्यांत जें वर्तमान घडलें तें डोळां देखिलें व कानीं ऐकिलें तैसें लिहितों. राज्याचें नांव सांगत नाहीं, कारण ज्याचें त्यास ओळखूं येईल आणि ज्यास येणार नाहीं त्यास सांगून उपयोग नाहीं. त्या राज्याचे अधिपती कुलगुरू महाराज, मनाचे उदार, परंतु स्वतः कोणतेंही बटण दाबावयाची पाळी त्यांवर कित्येक वर्षांत आली नव्हती. त्यांचे कारभारी कुलसचिव श्रीपतराव गुजर, आणि विद्यार्थी म्हणजे राज्याची रयत. पूर्वीं रयतेस परीक्षेस नांव नोंदवावयाचें तर खिडकीपुढें रांग धरावी, आणि खिडकी उघडली कीं कारकून जेवावयास जावा, ऐसा शिरस्ता होता. महाराजांच्या मनांत आलें कीं हा जाच मोडून काढावा, आणि मसलत जाहली, आणि पोर्टल उभारावें, रयतेनें घरबसल्या फोनवर नांव नोंदवावें, ऐसें ठरलें. मग विडा उचलिला आचार्य विद्याधरपंत मोडक यांनीं.

हे पंत अनुभवरचना व परीक्षा या विद्येचे विभागप्रमुख. माणसें एखादी वस्तू हातीं धरितात तेव्हां त्यांस सुख होतें कीं ताप होतो हें जाणून वस्तू घडवावी, आणि घडविल्यावर पुन्हां माणसांच्याच हातीं देऊन पारखावी, ऐसी ही विद्या. पंत ती पडद्यावर चित्रें दाखवून शिकवीत. पहिल्या चित्रावर ‘वापरणारा हाच राजा’ ऐसें वचन होतें, परंतु अक्षर इतकें बारीक कीं मागल्या बाकांवर तें ‘वापरणारा हाच रजा’ ऐसें वाचलें गेलें, आणि तो वर्ग दुसऱ्या दिवसापासून दिसेनासा जाहला. तरी पंत मुळांत कसबी. त्यांनीं प्रथम जें पोर्टल रेखिलें तें साधेंच होतें, वर नांव, मग विषय, आणि खालीं ठसठशीत केशरी बटण, त्यावर ‘सादर करा’. तें दरबारीं मांडिलें तेव्हां गुजर म्हणाले, “पंत, सर्व उत्तम आहे, परंतु यांत महाराज कोठें आहेत?” मग महाराजांची तसबीर घातली. दुसरे कोणी म्हणाले, रयतेस उत्तेजन द्यावें. मग विषय भरून ‘पुढें’ दाबतांच हिरवी खूण उमटावी आणि ‘अभिनंदन! आपली माहिती जतन झाली’ ऐसी अक्षरें झळकावीं, ऐसें केलें. आतां जतन होणें म्हणजे नुसतें ठेवून घेणें, दरबारीं रुजू होणें नव्हे. रुजू होण्यास ‘सादर करा’ हेंच बटण दाबावें लागे, आणि तें तसबिरीच्या खालीं घसरलें, आणि तसबिरीचा रंग फिका दिसूं नये म्हणून त्याचा केशरी रंग काढून राखाडी दिला. फोनवर पाहणारास तसबिरीपुढें कांहीं असेल ऐसें वाटेना, कारण या राज्यांत महाराजांची तसबीर आली कीं मजकूर संपला, हीच रीत होती. पंतांस हें दिसत होतें. परंतु त्यांस अधिष्ठाता करावें ऐसी बोलणीं चाललीं होतीं, आणि पंत उगे राहिले.

याप्रमाणें एक वर्ष लोटलें आणि पोर्टलाचा डंका चहूंकडे वाजला, आणि शेजारच्या राज्यांनींही तें मागितलें. मग महाराजांनीं आज्ञा केली कीं वर्धापनदिनीं पोर्टलाचा गौरव व्हावा, आणि तत्पूर्वीं पंतांच्या विभागानें त्याची शास्त्रोक्त परीक्षा करून निष्कर्ष दरबारीं वाचावा. पंतांनीं ही कामगिरी शेवटच्या वर्षांतील शिष्या ऋजुता कानविंदे हिजकडे सोंपविली. ही मुलगी सावंतवाडीकडील, बोलणें कमी आणि पाहणें फार. पंत म्हणाले, “ऋजुता, हाच तुझा वर्षाचा प्रकल्प समज. निष्कर्षात ‘समाधानकारक’ हा शब्द आला की पुरे.” ती म्हणाली, “सर, चाचणीच्या आधीच निष्कर्ष?” पंत हंसले आणि म्हणाले, “अगं, वेळ वाचतो.”

मग ऋजुतेनें वसतिगृहांतून माणसें जमविलीं आणि एकेकास खोलींत बसवून पोर्टलाची सरावाची प्रत हातीं दिली. या विद्येचा एक कडक नियम आहे कीं परीक्षकानें मुकाट बसावें, वापरणारा चुकला तरी खुणावूं नये, आणि त्यानें मात्र मनांत येईल तें मोठ्यानें बोलत जावें. पहिल्या दिवशीं अनुसया बंडगर नांवाची मुलगी आली. ती जत तालुक्यांतील, भूगोल शिकणारी, आणि तिच्या घराण्यांत कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. गेल्या सालीं तिनें नांव नोंदविलें आणि परीक्षेच्या दिवशीं दारावर गेली तों तिचें नांवच नव्हतें. कचेरींत विचारिलें तेव्हां गुजरांनीं तिला उभ्या उभ्या सांगितलें होतें, “तूं कांहीं भरलेंच नाहींस, चूक तुझी.” वर्ष गेलें. घरीं मेंढरें राखणाऱ्या बापास वाटलें कीं पोरीनें भिऊन परीक्षा चुकविली आणि वर बहाणा केला, आणि तेव्हांपासून तो तिच्याशीं बोलेनासा जाहला होता. फोन आईच उचली. आतां अनुसयेनें पदर खोंचल्याप्रमाणें बाह्या वर सारिल्या आणि एकेक अक्षर बोटानें तपासून भरूं लागली, आणि बोलतही होती, “मागल्या टायमाला गडबड केली असनार मी. औंदा दमानं करते. नाव बरोबर. इषय बरोबर. आता पुढं.” ‘पुढें’ दाबतांच हिरवी खूण उमटली, अभिनंदन झळकलें, खालीं महाराज हंसले, आणि अनुसयेचा चेहरा उजळला. ती म्हणाली, “झालं बगा ताई! यंदा काय चुकलं न्हाई माजं.” आणि फोन ठेवून ती उठली.

ऋजुता नियमाप्रमाणें गप्प बसली, आणि पुढें ती सांगत असे कीं इतकें जड गप्प बसणें तिला आयुष्यांत ठाऊक नव्हतें. अनुसया दारापर्यंत गेली तेव्हां चाचणी सरली ऐसें म्हणून ऋजुतेनें हाक मारिली आणि तसबिरीखालचें राखाडी बटण दाखविलें आणि म्हणाली, “हे दाबल्याशिवाय नोंदणी होत नाही.”  अनुसया हळूच म्हणाली, “म्हंजे मागल्या साली बी मी हितंच थांबले असनार. अभिनंदन म्हनलं की मानूस थांबतंय हो. माज्या डोक्यातच कायतरी कमी हाय.” ऋजुता म्हणाली, “डोकं तुझं नीट आहे. हे पान वाईट आहे.” परंतु अनुसयेस तें खरें वाटेना. ती म्हणाली, “येवढ्या शिकल्याल्या मानसांनी केलंय, ते कसं वाईट आसंल?” आणि ती गेली, आणि ऋजुतेच्या मनास चटका लागला.

मग दुसरा बसविला, तिसरा बसविला, संगणक शिकणारे बसविले, दोन अध्यापकही बसविले, आणि जो तो अभिनंदनाशीं थांबला आणि संतोषानें उठला. एकटा तरला, त्यास पुसलें तर म्हणाला, “माझा मामेभाऊ कचेरीत आहे, त्यानं बटण कुठं लपलंय ते सांगितलं होतं.” आणि सत्य कळल्यावर बुडालेल्या प्रत्येकानें एकच गोष्ट म्हटली, कीं माझेंच लक्ष नव्हतें. पोर्टलास दोष कोणीं दिला नाहीं. ऋजुतेस याचें फार नवल वाटलें आणि भयही वाटलें, कारण नोंदणीची मुदत सरत आली होती आणि राज्यांत कित्येक मुलें हिरवी खूण पाहून सुखानें निजलीं असतील, हें तिला दिसूं लागलें.

ती पंतांकडे गेली आणि सर्व वृत्तांत कथन केला. पंतांनीं चष्मा काढिला, पुसला, पुन्हां लाविला आणि म्हणाले, “विद्यार्थी वाचत नाहीत. त्याला आपण काय करणार?” ती म्हणाली, “सर, तुम्हीच शिकवलंत, माणूस चुकला तर आधी वस्तूकडे बघा.” पंत म्हणाले, “ते पेपरसाठी.” आणि हें तोंडांतून गेलें आणि त्यांचें त्यांनाच लागलें. मग आवाज उतरवून म्हणाले, “मी बटण केशरी केलं होतं, ऋजुता. मोठं केलं होतं. पण दरबारात एकदा मान हलवली की ती परत सरळ करणं कठीण. तू ‘समाधानकारक’ लिही. मी हळूहळू बटण वर आणतो.” ती म्हणाली, “हळूहळू म्हणजे या मुलांची परीक्षा झाल्यावर?”  पंत म्हणाले, “प्रकल्पाचे गुण माझ्या हातात आहेत, हे विसरू नकोस.” ती उठली आणि म्हणाली, “नाही विसरले, सर. म्हणूनच तुम्हाला आधी सांगायला आले.” आणि नमस्कार करून निघाली. 

वर्धापनदिनीं दरबार भरला. महाराज उच्चासनीं विराजमान जाहले, उजवीकडे गुजर, डावीकडे पंत, पुढें अध्यापकमंडळी, मागें रयत, आणि त्यांत ऋजुतेनें आग्रह करून आणिलेली अनुसयाही होती. हार जाहले, शाली जाहल्या, आणि गुजरांनीं पोर्टलाच्या पराक्रमाचें वर्णन ऐसें केलें कीं जणूं तें गड घेऊन आलें आहे. मग महाराज बोलिले, “बाळ, निष्कर्ष वाच. आमचें पोर्टल किती उत्तम आहे?” ऋजुता उभी राहिली आणि म्हणाली, “सर, मी वाचण्यापेक्षा आपणच एकदा परीक्षेला नाव नोंदवून बघावं, अशी विनंती आहे.” सभेंत कुजबूज उठली. गुजर उसळून म्हणाले, “महाराजांनीं परीक्षेस बसावें काय? कोणती ही मर्यादा!” परंतु महाराजांस कौतुक वाटलें. ते म्हणाले, “गुजर, बसूं द्या. आम्ही शेवटची परीक्षा दिली तेव्हां टाकाचे दिवस नुकते सरले होते. पाहूं तरी.” मग ऋजुतेनें फोन त्यांच्या हातीं दिला, त्याचा पडदा भिंतीवर सर्वांस दिसेल ऐसा लाविला, आणि नियम सांगितला कीं महाराजांनीं मनांत येईल तें बोलावें, आणि इतर कोणीं चकार शब्द काढूं नये.

आतां दरबारी माणसांस महाराजांपुढें गप्प बसण्याचा सराव नव्हता, आणि महाराजांच्या मनांतलें ऐकण्याचा तर त्याहून नव्हता. महाराजांनीं नांव भरिलें, आणि पुढें ‘विषय संकेतांक’ आलें तेव्हां थबकले आणि म्हणाले, “हें काय? गुजर, तुम्हांस समजतें काय?” गुजर म्हणाले, “अर्थात् समजतें, महाराज.” “मग सांगा.” गुजरांनीं तोंड उघडिलें, आणि ऋजुतेनें नुसता हात वर केला, आणि गुजरांनीं तोंड मिटलें, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून ऐसें दिसलें कीं हात वर केल्याबद्दल ते तिचे उपकार मानीत आहेत. महाराजांनीं अटकळीनें कांहीं निवडिलें आणि ‘पुढें’ दाबिलें. हिरवी खूण उमटली. “अभिनंदन! वा. आणि ही आमची तसबीर. बरी आली आहे. परंतु ही शाल कोणती? ही तर आम्ही कोणास तरी देऊन टाकिली होती. असो. झालें.” आणि त्यांनीं फोन ठेविला, आणि सभेनें टाळ्या पिटल्या, आणि त्या बराच वेळ थांबेनात.

टाळ्या सरल्या तेव्हां ऋजुता हळूच म्हणाली, “सर, आपलं काम झालं, याची खात्री आहे?” महाराज म्हणाले, “शंका कसली? अभिनंदन लिहिलें आहे.” मग तिनें भिंतीवरील पान वर सरकविलें, आणि तसबीर वर गेली, आणि तळाशीं तें राखाडी बटण दिसलें. ती म्हणाली, “हे दाबलं नाही, म्हणून आपलं नाव नोंदलं गेलं नाही. आपण परीक्षेच्या दिवशी दारावर गेलात तर आपल्याला परत पाठवतील.”  महाराजांचा चेहरा उतरला. त्यांनीं चष्मा चाचपला आणि ओशाळे होऊन म्हणाले, “आतां वय जाहलें. आमच्या लक्षांत आलें नाहीं. आमचीच चूक.” आणि गुजर, ज्यांस वर्षभर कचेरींत एकच वाक्य बोलण्याची संवय, त्यांच्या तोंडून तें आपोआप निसटलें, “होय, चूक आपलीच!” आणि मग आपण कोणास काय बोललों हें उमजून ते मटकन् खालीं बसले, आणि खालीं खुर्ची होती ही त्यांची पुण्याई.

 तेव्हां मागल्या बाजूनें अनुसया उठली. तिला कोणीं बोलाविलें नव्हतें. ती जागेवरूनच म्हणाली, “सर, मन खाऊ नगा. मला बी तसंच वाटलं हुतं. वरीसभर वाटलं. पन आता तुमाला बगितलं आन् कळलं. तुमचं काय चुकलं न्हाई. अभिनंदन म्हनलं की मानूस थांबतंयच.” आणि जें ऋजुतेनें सांगून तिला पटलें नव्हतें तें आपणच दुसऱ्यास सांगतां सांगतां तिला पटलें होतें.

महाराजांनीं तिला पुढें बोलाविलें आणि सर्व हकीकत पुसली, आणि ऐकून घेतली, आणि मग पंतांकडे वळून म्हणाले, “पंत, हें पान कोणाचें?” पंतांनीं गुजरांकडे पाहिलें, गुजरांनीं तसबिरीकडे पाहिलें, तसबीर हंसतच होती. मग पंत उभे राहिले आणि म्हणाले, “पान माझें आहे, महाराज. मला हें कळत होतें, आणि मी बोललों नाहीं. या मुलीनें मला सांगितलें तेव्हांही मी तिला गुणांची भीति घातली.” इतकें बोलून ते बसले, आणि अधिष्ठातेपदाची वस्त्रें त्याच घटकेस दुसऱ्याच्या अंगीं गेलीं हें सर्वांस समजलें, परंतु पंतांची मान त्या दिवशीं पुष्कळ दिवसांनीं सरळ दिसली, ऐसें त्यांचे शिष्य सांगतात.

मग हुकूम सुटला कीं बटण वर आणावें, केशरी करावें, अभिनंदन काम जाहल्यावरच करावें, नोंदणीची मुदत वाढवावी, आणि गेल्या सालीं जे अभिनंदनाशीं बुडाले त्यांची खास परीक्षा घ्यावी. तसबीर काढून टाकावी ऐसें ऋजुतेनें सुचविलें, तेव्हां महाराज थोडे घुटमळले आणि म्हणाले, “अगदीं काढूं नका. सर्व संपल्यावर शेवटीं ठेवा. ज्याचें काम फत्ते जाहलें तो आमचें तोंड पाहून रागावणार तरी नाहीं.” आणि हा सल्ला रचनाशास्त्राच्या दृष्टीनें निर्दोष असल्याचें पंतांनींही मान्य केलें. गुजरांनीं हुकमाची तामिली तत्काळ केली, म्हणजे खास परीक्षेची सूचना पोर्टलावर ऐशा ठिकाणीं लाविली कीं ती कोणासही सांपडेना. मग ऋजुता आणि तिचे सोबती वसतिगृहें, खानावळी आणि चहाच्या टपऱ्या पालथ्या घालूं लागले आणि तोंडानें सांगत सुटले, आणि मुलें गोळा जाहलीं.

अनुसयेनें पहिल्याच दिवशीं कोणास न विचारितां आपलें नांव नोंदविलें. मग बाहेर कट्ट्यावर येऊन घरीं फोन लाविला आणि आईस म्हणाली, “दादांस्नी दे.” आईनें बरीच मनधरणी केली तेव्हां बाप फोनवर आला, परंतु बोलेना. अनुसयेनेंच सर्व सांगितलें, बटण सांगितलें, तसबीर सांगितली, आणि महाराजांनींही तेथेंच ठेच खाल्ली हेंही सांगितलें. पलीकडे बराच वेळ नुसती मेंढरें ओरडत होतीं. मग बाप म्हणाला, “म्हंजे तू पेपर चुकवला न्हवतास.” ती म्हणाली, “न्हाई दादा.” पुन्हां मेंढरें ओरडलीं. मग तो म्हणाला, “जेवलीस का?” आणि अनुसया भरल्या डोळ्यांनीं खोटेंच म्हणाली, “जेवले.”

ऋजुतेस प्रकल्पांत पंतांनीं पैकीच्या पैकी गुण दिले. लेखी परीक्षेंत मात्र ‘वापरसुलभतेची व्याख्या टिपणांप्रमाणें लिहा’ ऐसा प्रश्न आला, आणि तिनें त्या खोलींत जें पाहिलें तें लिहिलें, म्हणून परीक्षकानें भोपळा दिला. तिनें तक्रार केली नाहीं. अनुसया खास परीक्षेंत उत्तम रीतीनें उत्तीर्ण जाहली. शेजारच्या राज्यांनीं पोर्टल नेलें, परंतु मागणी अगोदरची म्हणून जुनेंच नेलें.

येणेंप्रमाणें वर्तमान जैसें घडलें तैसें लिहिलें. बटण वर आलें, तसबीर खालीं गेली, आणि राज्य बुडालें नाहीं.